आभाळातला डाग

आभाळातल्या डागाकडे बघायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. फार जुन्या काळी एका डोंगरी राज्यात मुलांना नीट बोलता येण्याआधीच हा नियम शिकवत.

तिथे माणूस मेलं की पंच त्याला एक तारा नेमून देत. सगळे तारे सभामंडपाच्या छतावर रंगवलेले होते. मृगाच्या बाणाखाली मात्र आभाळात एक धुरकट ठिपका दिसे. तोच डाग. परमुलखातून आलेली, बारशाआधी गेलेली, पंचांच्या मनातून उतरलेली माणसं मेल्यावर त्या डागात टाकत. छतावर त्या जागी दरवर्षी काजळ फासत.

ते काजळ घोटायचं काम एका मुलीकडे होतं. तिची आई परमुलखातली. हिला जन्म देताना ती गेली आणि पंचांनी तिला डागात टाकलं. बाकीच्या मुली आपापल्या आजीचा तारा बोटाने दाखवत, तेव्हा ही मान खाली घालून रिकाम्या घरी परते.

काजळ छताला चिकटावं म्हणून त्यात एका झाडाचा काळपट चीक घालत. उजेड लागला की तो चीक पांढरा पडे आणि फुकट जाई. "झाकण ठेव गं!" एवढंच सगळे तिच्यावर ओरडत. तो पांढरा का पडतो, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

तिला वाटली. तिने एका काळ्या पाटीला चीक फासला, ती पोकळ बांबूच्या तळाशी बसवली, वरच्या टोकाला बारीक भोक ठेवलं आणि डागातून उजेड येत असेल तर तो पाटीवर पांढरा उमटेल म्हणून बांबू डागावर रोखला.

पहिल्या रात्री तिचा डोळा लागला. तारे सरकत गेले आणि पाटीवर नुसते ओरखडे उमटले. मग ती जागी राहू लागली. मृग सरकेल तसा बांबू केसाकेसाने वळवायचा, उजाडलं की पाटी काळ्या कापडात गुंडाळायची, अंधार पडला की पुन्हा लावायची. हिवाळाभर ती टेकडीवर एकटी बसली. बोलावंसं वाटलं की ती आईला हाक मारी. कोणती हाक मारायची तेही तिला ठरवावं लागलं, कारण तिने आईला कधी हाक मारलीच नव्हती.

हिवाळा सरला. तिने पाटी आणून पंचांसमोर ठेवली.

डागाच्या जागी ताऱ्यांचा झुबका होता. भोवती पंख पसरावेत तसे उजळ ढग होते आणि त्या ढगांतही बारीक तारे उमटले होते. छतावरच्या सगळ्या ताऱ्यांहून ते जास्त होते.

"चीक नासलाय," थोरले पंच हसले. "आमच्या बापजाद्यांना दिसलं नाही ते हिला दिसलं!"

"त्यांनी बघितलंच कुठे, आजोबा? त्यांनी काजळ फासलं."

"तोंड आवर, पोरी."

पंचांमधली एक म्हातारी मात्र पाटीवर वाकली होती. "यात तान्ही लेकरंही असतील का गं?" तिने हळूच विचारलं. तिचं बाळ बाराव्या दिवसाआधीच गेलं होतं.

"असतील, आजी. इथे जागा पुष्कळ आहे."

थोरले पंच ताडकन उठले. "पूस ती पाटी! नाहीतर मेल्यावर तुला तारा मिळायचा नाही. तुलाही त्या डागातच टाकू."

त्या राज्यात याहून मोठी शिक्षा नव्हती. मुलीने पाटी छातीशी धरली.

"नाही पुसणार. आणि टाकाच मला तिथे. माझी आई तिथे आहे."

थोरल्या पंचांकडे आता कसलीच धमकी उरली नव्हती. त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. ते सगळे मान वर करून छतावरच्या काजळाकडे बघत होते.

बोध : ज्याच्याकडे बघायलाच बंदी घातली आहे, त्याला डाग म्हणणं सोपं जातं.