शाळेला विचारायचे प्रश्न

“...आणि शेवटी ते म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का, तर काय विचारू, मास्तर?”

ऋजुता पायरीवर बसली होती. लहानपणापासून परदेशात शिकलेली. तिथली नोकरी सोडून वडिलांच्या गावी शिकवायला आलेली. उद्या डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या शाळेत तिची मुलाखत होती. दुसरी कुठली शाळा तिला नको होती.

नझीर मास्तरांनी त्याच शाळेत हयात घालवली होती. आता ते ओट्यावर बसून कोकमं फोडत होते.

“काय काय ठरवलंयस, बाय?”

“पुष्कळ. पण त्यातला खरा प्रश्न कुठला, तेच कळेनासं झालंय.”

मास्तरांनी हात पुसले. मांडी घालून ताठ बसले.

“मी शाळा. विचार.”

“शाळा? म्हणजे मुख्याध्यापक?”

“मुख्याध्यापक फार बोलतात. शाळाच. विचार.”

ती सावरून बसली.

“तुमचं शिक्षणाचं तत्त्वज्ञान काय आहे?”

शाळेने माशी हाकलली.

“मुलांना प्रश्न विचारायचं स्वातंत्र्य आहे?”

शाळेने जांभई दिली.

“थट्टा नको, मास्तर. उद्या नाही जमलं तर मला परत जावं लागेल.”

“मग विचार की.”

ती पुढे सरकून म्हणाली, “सातवीपर्यंत वर्गात इतक्या मुली असतात. आठवीत दिसेनाशा होतात. का?”

मास्तरांनी करंगळी वर केली.

ऋजुता त्या बोटाकडे बघत राहिली.

“एक? एकच कारण?”

करंगळी तशीच.

“सगळ्यात लहान असेल त्याच्याकडे बघायचं... असं काही?”

करंगळी हलली नाही. मास्तर मात्र चुळबुळ करायला लागले. मांडी मोडली, गुडघ्याला गुडघा लावला.

“मला खरंच कळत नाहीये. आमच्याकडे अख्खा हात वर करायचे.”

“बाई,” मास्तर शाळकरी मुलीच्या बारीक आवाजात म्हणाले, “एकीला जाऊ?”

ती गोंधळली. मग हसायला लागली.

“जा ना, मास्तर. त्यात विचारायचं काय?”

मास्तर उठले. ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. समोर उंचावर सडा दिसत होता... नुसता उघडा कातळ, ना झाड, ना आडोसा. त्यावर एकटी शाळा.

करंगळी अजून वरच होती.

“कुठं, बाई?”