सावलीचा खुंट

तिवरखारच्या बांधावर, खाडीचं पाणी आत घेण्याची उघाडी आहे ना, तिच्या उजव्या अंगाला कमरेएवढा एक लाकडी खुंट रोवलेला दिसेल. त्याला शेंदूर नाही, घंटा नाही. पण पावसाळी ढगांनी नव्हे, धुळीनं-धुरानं आभाळ गढूळ असेल त्या दिवशी पाहुणा आला, तर या गावात त्याला चहा मिळत नाही. रुसू नये. अशा दिवशी खुंटाची सावली पडेपर्यंत इथे चूल पेटत नाही, आणि चुलीच्या जागी गॅस आला तरी तोही पेटत नाही. असं का, ते ऐका. तोवर बसायचंच आहे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा इथे नजर पोचेल तिथवर मिठागरंच होती म्हणे. पाणी उघाडीतून वाफ्यात घ्यायचं, उन्हानं आटवायचं, मीठ धरलं की फळीनं ओढून रास घालायची. माघी पुनवेच्या भरतीला कान्हू तांडेलाचा शिडाचा मचवा यायचा. तो मीठ न्यायचा आणि वर्षाचं भात टाकून जायचा. गाव जगायचं ते त्या भातावर.

त्या गावात बामीबाय नावाची आगरीण. नवरा गेलेला, मुलगा परमुलखात, घरात सून गोपी, पोटुशी, सातवा महिना. बामीबायला रात्रंदिवस एकच घोर. मचवा येईल, भात येईल, तर ही पोर दोन जिवांची धड बाळंत होईल.

पुनवेला आठ दिवस राहिले आणि आभाळ पालटलं. ढग नाही, धुकं नाही. पश्चिमेकडून पिवळट धूळ आली आणि वरच्या वर तरंगत राहिली. सूर्य ताकातल्या लोण्याच्या गोळ्यासारखा फिका झाला. उघड्या डोळ्यांनी बघावं, तरी डोळा दिपेना. अंगाला ऊन लागेना. वाफ्यात पाणी होतं तसंच.

बामीबायनं दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी तिनं ओळखलं, सूर्याला दृष्ट लागली. पोराची लागते तशी. तिनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेतल्या, सूर्याकडे तोंड करून ओवाळल्या आणि बांधावर विस्तव करून त्यात टाकल्या. वर ओल्या तिवराच्या फांद्या घातल्या, धुरी चांगली व्हावी म्हणून.

शेजारचा पदाजी बघत होता. म्हणाला, "काय गो बामीबाय, सूर्याची दृष्ट काढतेस? उद्या चांदोबाला काजळ लावशील!"

"लावीन. तू हात बांधून बस. बाईलीनं रांधलेलं आयतं गिळणाऱ्याला काय कळतंय?"

आणि नशीब बघा. दुपारी जराशी धूळ विरली आणि घटकाभर ऊन उमटलं. गावानं बामीबायची धुरी मानली. दुसऱ्या दिवशी घराघरातून विस्तव आला, सगळ्या बांधावर ओली तिवरं पेटली. कुणी पेंढा आणला, कुणी जुनी जाळी. पदाजीनं तर आपल्या खोपटाची कुडं मोडून घातली.

तिथून फसले.

धूर वर जाईना. धुळीखाली पांघरुणात कोंडल्यासारखा गावावर बसला. ऊन नाही म्हणून खाजणाची जमीन तापेना. खाजण तापेना म्हणून दर्याचा वारा उठेना. वारा उठेना म्हणून धूर हलेना. धूर हलेना म्हणून ऊन पडेना. फिरून फिरून तेच. माणसं विस्तव विझवायला धावली, तर विझवलेलं तिवर जास्तच धुमसलं. वाफ्यात काजळी पडली. गोपी खोकून खोकून भिंतीला टेकली. बामीबाय तिच्या पाठीवरून हात फिरवायची. पहिली काडी तिची होती.

पुनवेच्या भरतीला मचवा आला. कान्हू तांडेल उतरला, त्यानं काळं पाणी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"ही धूळ पल्याडच्या वाळूच्या मुलखातली. वाटेत आमच्या शिडावरपण बसली. दर्यावर साल-दोन सालांनी दिसते, इथवर क्वचितच पोचते, चार दिसांत आपसूक खाली बसते. तुम्ही धूर कशाला घातला रे बाबांनो?"

बामीबाय पुढे झाली. "माझी चूक, तांडेलदादा. चार दिस थांब. मीठ धरेल."

"मी थांबेन गो बाय. पाणी थांबेल काय? ओहोटी लागली की मचवा चिखलात." त्यानं घरटी एक पायली भात दिलं, फुकट, आणि तो गेला. त्याला तरी दुसरं काय करता येणार होतं?

पायलीभर भात गोपीच्या उशाशी ठेवून बामीबाय बांधावर आली. मीठ ओढायच्या फळीचा दांडा तिनं मातीत रोवला. "याची सावली पडेपर्यंत माझ्या हातून विस्तव होणार नाय," म्हणाली, आणि बसली. सून पाणी आणायची, बामीबाय तेवढंच घ्यायची. गावानं लाजून आपापल्या चुली पाण्यानं विझवल्या. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. न करण्यासारखं तेवढं उरलं होतं.

असं सांगतात, नवव्या दिवशी पहाटे दर्यावरून गार झुळूक आली. सूर्य वर चढला आणि दांड्याची सावली पडली. आधी पुसट, मग काळी. दांड्याशेजारी बसलेल्या बाईचीही पडली. गोपी धावत आली. दांड्याची सावली सरकत होती, बाईची सरकली तरी बाई हलली नाही. गोपीनं हात लावला, तर अंग गार.

मीठ पुढे धरलं, पण राखी रंगाचं, आणि न्यायला मचवा नव्हता. गाव ते वर्ष रानातले करांद्यांचे कंद आणि खाडीतल्या चिंबोऱ्या खाऊन जगलं. गोपीला मुलगी झाली, मूठभर. जगली. जन्मभर तिची छाती शिटी वाजवत राहिली. आम्ही तिच्या वंशातल्या.

आजही खुंटाजवळच्या वाफ्यात मीठ राखीच धरतं. दांडा कुजला की नवा रोवतात, फळीचाच. आता खाडीपलीकडे धुराडी आहेत, डोंगर फोडणाऱ्या खडीच्या गिरण्या आहेत, आणि त्यांच्या चुलीला कुणाची शपथ नाही. पूर्वी सावली दोन-चार वर्षांतून एखादा दिवस हरवायची. या माघात तीन दिवस पडली नाही. आम्ही आमचा विस्तव आवरून बसतो. पलीकडचा कुणी आवरायचा?

तुम्ही जरा उजव्या अंगाला सरका बघू, खुंट दिसू दे. पडली का? नाही ना. मग बसा. चहाला वेळ आहे.