उंदराने सरळ केलेलं तिकीट

प्राणी एकमेकांना पत्रं पाठवायचे, त्या काळातली ही गोष्ट. पोस्टाची तिकिटं जमवणारे प्राणी दर बाजाराच्या दिवशी वडाखाली बसून नवी तिकिटं दाखवत.

एकदा उंदराने लाजत लाजत एक दुर्मिळ तिकीट पुढे केलं. “बिचाऱ्या तिकिटाच्या कडा कुणीतरी कुरतडल्या होत्या,” तो म्हणाला. “मी जपून जपून सरळ केल्या.”

“अरे, कडेचे दातेच घालवलेस! आता हे कवडीमोलाचं...” खार ओरडली, पण म्हाताऱ्या कासवाने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

“असं तिकीट आमच्यात कुणाकडेच नाही,” कासव म्हणालं.

उंदीर हरखला. “तुमचीही करून देऊ?”

सगळ्यांनी घाईघाईने वह्या मिटल्या.

कासवाने मात्र आपली वही उंदरापुढे उघडली. “बस जवळ, बाळा. आधी हे दाते कशाला असतात, ते सांगतो.”