हेळवाडीचा परिपाठ

"मग माझ्यात कमी काय आहे, बाई?"

विक्रांत सरनोबतनं हे विचारलं तेव्हा आम्ही हेळवाडीच्या शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. शाळा भरायला अजून अवकाश होता.

बाई चहात खारी बुडवत होत्या. ती मऊ झाली तशी त्यांनी उचलून खाल्ली.

"कमी आहे असं मी कुठं म्हटलं?"

"मग सही का करत नाही?"

बाई म्हणजे सुमित्रा आजरेकर. शैक्षणिक नेतृत्व आणि धोरण हा विषय त्या आम्हांला एम.ए.ला शिकवायच्या. त्यांच्या सहीशिवाय कुणाचा लघुप्रबंध पुढे सरकत नसे, आणि सहीआधी त्या प्रत्येकाला एक दिवस या खेड्यातल्या शाळेत घेऊन येत. कशासाठी, ते विचारायची सोय नव्हती.

विक्रांत आमच्यातला सगळ्यांत हुशार. जिल्ह्यातल्या शाळांचं धोरण ठरवणाऱ्या कार्यालयात त्याची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, पण लघुप्रबंध मंजूर झाला तरच. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. आपल्या हाताखाली किती शाळा येणार तो आकडा त्याच्या जिभेवरच असायचा. येताना गाडीत त्यानं तो आम्हांला ऐकवला होता, वर ड्रायव्हरलाही.

त्याचा विषय होता 'विद्यार्थी केंद्रस्थानी ठेवणारं शालेय नेतृत्व'. हेवा वाटावा असंच काम होतं.

"प्रत्येक प्रकरण तुम्ही तपासलंत. एक चूक दाखवा, इथल्या इथं फाडून टाकतो."

"फाडू नकोस. चांगलं लिहिलंयस."

"मग...?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"आजचा परिपाठ तू घे."

विक्रांतला हसू आलं. "एवढंच?"

"एवढंच."

घंटा झाली. मुलं धावत येऊन अंगणात रांगा धरून उभी राहिली. मुख्याध्यापक चौगुले गुरुजींनी 'आज परिपाठ पाहुणे घेणार' असं जाहीर केलं आणि ते रांगेच्या कडेला जाऊन थांबले. परिपाठ ज्याच्याकडे, त्या दिवशी हुकूम त्याचेच, ही तिथली शिस्त.

"सावधान!"

विक्रांतचा आवाज खणखणीत. मुलांच्या टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले. राष्ट्रगीत झालं, आणि त्यानं लगेच बोलायला सुरुवात केली.

बोलला मात्र सुरेख. या शाळेत सगळ्यांत महत्त्वाचं कोण, असं त्यानं मुलांना विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "तुम्ही!" शाळा साहेबांसाठी नसते, मुख्याध्यापकांसाठी नसते, तुमच्यासाठी असते, असं तो म्हणाला. मध्येच त्यानं स्वतःच्या लहानपणची एक गंमत सांगितली. आम्ही ओट्यावर हसलो. मुलं हसली नाहीत.

कौलांवरचं ऊन अंगणात उतरलं आणि पहिल्या रांगेच्या तोंडावर आलं. पुढच्या एका मुलीच्या नाकावर माशी बसली होती. ती खालचा ओठ पुढे काढून वरच्या वर फुंकर मारत होती. माशी उडायची आणि परत तिथंच येऊन बसायची. विक्रांतला तिचं कौतुक वाटलं असावं. तो तिच्याकडे बघून हसला आणि पुढे बोलत राहिला.

बाईही तिच्याकडेच बघत होत्या.

भाषण संपलं. टाळ्या पडल्या नाहीत. तो जरासा घुटमळला, मग ओट्याकडे आला. चेहरा फुलला होता.

"बघितलंत, बाई? एवढीशी मुलं, पण एकही हललं नाही."

"हो."

"त्यांच्याशी नीट बोललं की ऐकतात. प्रबंधात मी हेच म्हटलंय."

"वाचलंय."

त्यानं सहीचं पान उघडून लघुप्रबंध त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंनी पर्समधून पेन काढलं. टोपण काढलं... आणि तशाच थांबल्या.

"काय झालं, बाई?"

 पेनानं त्यांनी त्याच्या पाठीमागे दाखवलं.

तो वळला.

मुलं तशीच उभी होती. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना. ती मुलगी अजून फुंकर मारत होती. कडेला चौगुले गुरुजी, तेही ताठ.

विक्रांतचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्याची फार दया आली.

"विश्राम," तो म्हणाला. पण आवाज इतका बारीक आला की अंगणात कुणाला ऐकूच गेला नाही.

"विश्राम!"

सगळ्यांचे पाय सैल झाले. त्या मुलीनं दोन्ही हातांनी नाक खसाखसा चोळलं. मागच्या रांगेतला एक लहानगा मटकन खाली बसला आणि पोटऱ्या दाबायला लागला.

विक्रांत चौगुले गुरुजींकडे गेला.

"अहो गुरुजी, तुम्ही तरी सांगायचं!"

गुरुजी अवघडले.

"परिपाठ तुमच्याकडं हुता, साहेब. तुमचा हुकूम आमी कसा मोडायचा?"

"पण मुलं..."

"व्हय. ताटकळली हुती खरी."

विक्रांत ओट्याकडे परत आला. सहीचं पान बाईंच्या मांडीवर तसंच उघडं होतं. पेनही उघडंच.

"बाई..."



बाईंनी चष्मा नीट केला.

"सोमवारपासून तुझ्या हाताखाली किती शाळा येणार म्हणालास?"