फाटकावर अडलेली मिसळ

निकाल दुपारी तीनला लागायचे होते आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गुणांच्या फायली बाहेरच्या सर्व्हरवरून उतरतच नव्हत्या. लॉगिन व्हायचं, पण फाइल मागितली की सगळं ठप्प! फायली उतरवणाऱ्या उबाळेबाईंवर संगणकप्रमुख दिघावकर गरजले, "लॉगिन होतंय ना? मग माझी फायरवॉल निर्दोष. उबाळेबाई, तुम्हालाच मेमो देतो."

उबाळेबाई खाली फाटकावर गेल्या आणि त्यांनी वॉचमनला साहेबांचंच परिपत्रक वाचून दाखवलं: बाहेरच्या कुणालाही आत सोडू नये.

दोन वाजले. साहेबांनी फोनवरून मागवलेल्या मिसळीचा पत्ता नव्हता.

"माझी मिसळ कुठाय?"

"फाटकावर. आणणाऱ्याला आत सोडलं नाही. पण साहेब, फोन लागला होता ना? मग फाटक निर्दोष. तुमच्या भुकेला मेमो देऊ का?"

अख्खा विभाग खो खो हसला. साहेबांचा आवाज उतरला. "मग करायचं काय?"

"आपणच बाहेर जाऊन आणायची. फायलींचंही तेच. सर्व्हर त्या घेऊन आत यायला बघतोय आणि तुमची फायरवॉल त्याला अडवतेय."

साहेब जिना उतरले. इकडे बाईंनी सेटिंग बदललं. आता सर्व्हर आत शिरायला बघेना, इथला संगणकच बाहेर जाऊन फाइल आणू लागला.

पावणेतीनला शेवटची फाइल उतरली, तेव्हा साहेब टेबलावर सांडलेला मिसळीचा कट उबाळेबाईंसाठी लिहिलेल्या मेमोने पुसत होते.