हळदीच्या एका पोत्याची उधारी

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याला वैद्यांनी नाडी पाहून स्पष्ट सांगितले की, आता दोन वर्षे, फार तर तीन. व्यापारी मुळीच घाबरला नाही. घाबरावे कशाला? त्याने सर्व व्यवस्था आधीच करून ठेवली होती.

गावाबाहेर नदीकाठी एक वृद्ध साधुपुरुष राहत. हा व्यापारी त्यांचा जुना शिष्य. दर सोमवारी तो दर्शनाला जाई. त्या सोमवारी त्याने आपली व्यवस्था त्यांच्यापुढे अभिमानाने मांडली. जमिनीखाली खणलेली दोन पेवे हळदीने भरलेली होती. पेटीत सोने होते. कुणाचे देणे थकलेले नव्हते. मूलबाळ नसले, तरी पत्नी मोठी जाणती. हळकुंड मोडून त्याचा रंग पाहिला की ते कोणत्या शिवारातले, हे ती अचूक सांगे. आपल्यामागे दुकान तिनेच चालवावे, एवढीच त्याची इच्छा होती.

“तिला कधी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, महाराज,” तो म्हणाला.

वृद्धांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, “उद्या तिला अडत्याकडे पाठव. हळदीचे एक पोते तिच्या स्वतःच्या नावावर उधार आणायला सांग. तू सोबत जाऊ नकोस.”

व्यापाऱ्याला वाटले, वयोमानाने महाराजांची बुद्धी थकली असावी. ज्याच्या पेवांत शेकडो पोती, त्याच्या बायकोने एका पोत्याची उधारी मागायची? पण गुरूची आज्ञा मोडण्याचे धैर्य त्याला झाले नाही. घरी येऊन त्याने कसेबसे पत्नीला सांगितले. तिने कारण विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पदर सावरून ती निघाली.

अडत्या घरोब्यातला. त्याने वहिनींना बसायला पाट दिला, पाणी दिले, प्रकृतीची चौकशी केली आणि वही उघडून म्हणाला, “शेटजींच्या नावावर लिहितो. एकच कशाला, दहा न्या.” ती म्हणाली, माझ्या नावावर लिहा. अडत्याची लेखणी थांबली. तो हसला, मग गंभीर झाला, मग इकडचे तिकडचे बोलू लागला. पोते काही मिळाले नाही. उलट दिवस मावळायच्या आत साऱ्या पेठेत कुजबुज पसरली की शेटजींचे दिवाळे निघते आहे, बायकोला पुढे केले आहे. दोघा जणांनी तर आपले येणे तातडीने मागितले.

व्यापारी संतापून नदीकाठी आला. “तीन पिढ्यांचे नाव मातीत गेले, महाराज! हे काय करायला लावलेत?”

“बैस,” वृद्ध म्हणाले. “तू जिवंत आहेस, पेवे भरलेली आहेत, अडत्या तुझा मित्र आहे. तरी त्याने तिला एक पोते दिले नाही. तू नसताना तो तिला किती देईल?”

व्यापारी खाली बसला.

“तू घर भरलेस, चांगले केलेस. पण व्यापार घरातल्या सोन्यावर चालत नाही, बाहेरच्या विश्वासावर चालतो. सोने तिला पेटीत ठेवून देता येते. पत तशी ठेवून देता येत नाही, कारण ती आपल्याजवळ नसतेच. ती दुसऱ्यांच्या मनात असते. घेतलेले ठरल्या दिवशी परत करत करत माणूस ती मिळवतो. तू तीस वर्षे मिळवलीस. तुझ्याबरोबर ती चितेवर जाईल. हंगामात तिच्यापाशी फक्त सोने उरेल, आणि अडलेल्या बाईचे सोने बाजार अर्ध्या भावात घेतो.” मग त्यांनी विचारले, “तिचे नाव काय रे?”

व्यापाऱ्याच्या ओठांवर नाव आले नाही. चारचौघांत पत्नीचे नाव घ्यायची त्याच्या घराण्यात रीतच नव्हती. लग्नात आग्रह झाला तेव्हा एकदा घेतले होते, त्याला आता तीस वर्षे झाली. घरात तो तिला ‘अगं’ म्हणे आणि बाहेर ‘आमची मंडळी’. पेठेत तिला कुणी वहिनी म्हणे, कुणी शेटाणीबाई. ज्या बाजारात तिने उरलेले आयुष्य काढायचे, त्या बाजाराने तिचे नावसुद्धा ऐकले नव्हते. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो पत्नीला घेऊन भर बाजारात अडत्यापुढे उभा राहिला आणि पुन्हा एक पोते मागितले. “लिहायचे कुणाच्या नावावर?” अडत्याने विचारले. आजूबाजूचे व्यापारी कान टवकारून होते. शेटजींचा चेहरा लाल झाला. एक थट्टेखोर हमाल म्हणाला, “शेटजी, नाव घ्या की!” सगळे हसले. व्यापाऱ्याने घसा साफ केला.

“तराजूच्या पारड्यात हळकुंडांची रास,
भागीरथीच्या शब्दावर ठेवा माझ्याइतकाच विश्वास.”

हसणे थांबले. भागीरथीबाईंनी मान खाली घातली ती पुष्कळ वेळ वर केली नाही. अडत्याने कोरे पान काढले, वर तिचे नाव लिहिले आणि खाली एक पोते मांडले.

पंधरा दिवसांची मुदत होती. तिने चौदाव्या दिवशी पैसे पोचते केले. मग दोन पोती घेतली, मग एक गाडी. एकदा भाव पडून तोटा आला, तेव्हा मुदतीच्या आधी जाऊन तिने तसे सांगितले आणि आठ दिवस वाढवून घेतले. ते आठ दिवसही पाळले. पेठ अशा गोष्टी विसरत नाही. दरम्यान व्यापाऱ्याने तिला पेवांच्या जागा दाखवल्या, येणी कुणाकडे आहेत ते सांगितले, आणि हळूहळू दुकानात कमी बसू लागला.

तिसऱ्या वर्षी हंगामाच्या तोंडावर त्याने अंथरूण धरले. एके सकाळी अडत्या आला. त्याने उशाशी बसून विचारपूस केली, काढा वेळेवर घ्या म्हणून बजावले आणि उठून ओटीवर गेला. व्यापारी वाट पाहत राहिला. तीस वर्षे या दिवसांत अडत्या त्याला एकच प्रश्न विचारी. तो प्रश्न बाहेरून ऐकू आला.

“भागीरथीबाई, यंदा गाड्या किती लिहू?”

“बारा,” ती म्हणाली.

अडत्याने लिहिले. आत येऊन कुणी शेटजींना विचारले नाही.

व्यापाऱ्याच्या मनात क्षणभर कळ उठली. तो असतानाच बाजार त्याच्यावाचून चालू झाला होता. त्याने स्वतः दहाच सांगितल्या असत्या. मग त्याला एकाएकी उमगले की आपल्यामागे काय होईल ते आपण आताच ऐकले, आणि ते ठीक होते. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्याला शांत झोप लागली.

आषाढात तो गेला. तेरा दिवस दुकान बंद होते. चौदाव्या दिवशी भागीरथीबाईंनी ते उघडले आणि अडत्याची गाडी नेहमीप्रमाणे दारात आली.

आपल्या माणसाची जगाशी ओळख आपण असतानाच करून द्यावी. मागाहून ती करून द्यायला आपण नसतो.