भिंतीपलीकडची गाठ

एका दवाखान्याच्या ट्रेमध्ये ब्रश, चिमटा आणि सुई राहत. तिघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नव्हता.

एकदा पाथरवट येसाजीच्या फुफ्फुसात गाठ दिसली. ब्रश श्वासनळीत जाऊन आला. "नळीची भिंत खरवडली. रोग नाही."

"तुझं कोण खरं मानणार?" म्हणत चिमट्याने भिंतीचा तुकडाच तोडून आणला. "आता मी सांगतो, रोग नाही."

"मग निघू का घरी, बाई?" येसाजीने विचारलं.

डॉक्टर तांबोळीबाईंना शंका आली. त्यांनी सुई उचलली. ब्रश-चिमट्याचं पहिल्यांदाच एकमत झालं, "हिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे."

सुई भिंत भेदून पलीकडच्या गाठीत शिरली आणि रोगाचा नमुना घेऊन आली.

"म्हणजे आम्ही खोटारडे?" चिमटा भडकला.

"भिंतीचं खरं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "पण गाठीपर्यंत पोचलाच नव्हतात, तर तिची ग्वाही कशाला दिलीत?"